पस्तीस मिनिटांवरचं गाव

१

रेशमी फडकं सोडलं तेव्हा आत पोथी नव्हती. पोथीच्याच लांबीरुंदीच्या दोन विटा होत्या, नीट पुसून ठेवलेल्या.

तळ्याकाठच्या विहारातली ती थोरली पोथी. आमच्या शान लोकांच्या जुन्या लिपीत हाताने लिहिलेली, लाखेच्या काळ्या पुठ्ठ्यांत बांधलेली. वर्षातून एकदा, एप्रिलात, लुंग सेंगमो ती गावापुढे मोठ्याने वाचायचे. लुंग म्हणजे वडीलधारा काका. सेंगमोंना सख्खा पुतण्या कुणी नव्हता, म्हणून ते सगळ्या गावाचेच लुंग. मला जुनी अक्षरं त्यांनीच शिकवली. मी चुकले की ते रागवायचे नाहीत, नुसते थांबायचे. या वयातही वाचताना अडखळले की मला त्यांचं ते थांबणं ऐकू येतं.

विटा सापडल्या बुधवारी सकाळी. त्याच दुपारच्या विमानाने पोथी परतही आली, पण पोलिसांच्या ताब्यात. मंगळवारी अकराच्या सुमाराला कुणीतरी ती चियांग माई शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली होती. "किती जुनी आहे ते कागदावर लिहून द्या, आणि भेट द्यायला शोभेल अशी पेटी करा. दोन दिवसांनी नेतो," असं सांगून तो माणूस निघून गेला. दुकानदाराला शेवटच्या पानावर विहाराचा शिक्का दिसला आणि त्याने पोलिसांना कळवलं.

आणणारा दिसायला कसा होता? डोक्याला पांढरा पटका, तोंडाला फडकं. एप्रिलात रानं जळतात, धूर डोंगरांमध्ये कोंडून बसतो, तेव्हा फडकं सगळेच बांधतात. पटका मात्र फक्त म्हातारी माणसं बांधत. दुकानदाराला लुंगचा फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "हाच असणार."

आणि मंगळवारच्या सकाळच्या विमानाच्या यादीत नाव होतं: सेंगमो.

शुक्रवारी त्यांना चियांग माईला न्यायचं ठरलं, तिथल्या कोठडीत. वाचन रविवारी होतं.

२

आमच्या मे होंग सोन गावच्या विमानतळावर तेव्हा एकच मोठी खोली होती. त्या खोलीत मी तिकिटं बघायची, यादी लिहायची आणि माणसं तोलायची. हो, माणसंच. विमान लहान, भोवती डोंगर. हातातलं सामान घेऊन प्रत्येकाने काट्यावर उभं राहायचं आणि मी नावापुढे आकडा लिहायचा. बायका चपला काढून चढायच्या, जणू चपलांनीच त्या जाड दिसत होत्या.

चियांग माई हवेतून एकशेवीस किलोमीटर, पस्तीस मिनिटं. रस्त्याने आठ तास आणि अठराशेच्या वर वळणं. आमच्या गावात अंतर विचारलं की आम्ही आधी विचारायचो, "कशाने?"

सोमवारी आणि मंगळवारी मी तापाने पडले होते. माझ्या जागी चियांग माईहून एक माणूस आला होता. तो गावात कुणालाच ओळखत नव्हता. मंगळवारी विमानात बाकी सगळे परदेशी पाहुणे होते. म्हणजे माझा ताप कुणाच्या तरी पथ्यावर पडला होता. बुधवारपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

शुक्रवारी सकाळी फौजदार थीरफोन लुंगना घेऊन आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, मूळचे बँकॉकचे. आमच्या गावात येऊन त्यांना चार महिने झाले होते आणि त्यातले तीन ते खोकत होते. लुंगच्या हातात बेड्या नव्हत्या, पण फौजदारांचा हात त्यांच्या कोपराखाली होता. ते मला जास्त लागलं.

"नांग होम, ताप उतरला का गं?" लुंगनी विचारलं. नांग म्हणजे पोरी.

"उतरला, लुंग."

"मग चेहरा असा का? मी पहिल्यांदाच विमानात बसतोय. कानात कापूस घालायचा म्हणतात, खरं का?"

"पहिल्यांदा?" फौजदार कोरडेपणाने म्हणाले. "मंगळवारी काय चालत गेला होता?"

लुंग नुसते थांबले.

विमान सव्वानऊला यायचं. खिडकीतून समोरचा डोंगरच दिसत नव्हता, तर विमान कसं येणार? रेडिओवरचा माणूस सांगत होता, धूर हटेपर्यंत चियांग माईहून सुटणार नाही. मी दारापर्यंत जायची, परत यायची. घड्याळाकडे बघायची, डोंगराकडे बघायची. आयुष्यात पहिल्यांदाच मला धूर हटू नये असं वाटत होतं.

३

पोहोचवायला लोक जमले. विहाराच्या समितीचे चिटणीस सोम्फोप मास्तर आले होते, पांढरा सदरा, काखेत छत्री. दोन वर्षांसाठी म्हणून आमच्या शाळेवर आले आणि एकोणीस वर्षं राहिले; एप्रिलात शाळेला सुट्टी असायची. पोथीच्या पेटीच्या दोन किल्ल्यांपैकी एक लुंगकडे, एक मास्तरांकडे असायची. शिवाय नोपरात आला होता, पाहुण्यांना घ्यायला. त्याची परदेशी लोकांसाठी खानावळ होती. गावात काही नाहीसं झालं की पहिलं नाव त्याचं निघायचं, आणि त्यालाही त्याची सवय झाली होती.

"या वेळी मी नाही, बरं का," तो फौजदारांना म्हणाला. "मंगळवारी मी जीपमध्ये होतो, सहा जर्मन आणि एक पंक्चर."

"तुम्हाला कोण विचारतंय?"

"कुणीच नाही, म्हणून तर चुकल्यासारखं वाटतंय."

मास्तर लुंगजवळ जाऊन बसले. "लुंग, रागावू नका. मी समितीत सांगितलंय, वकील बघू. वय झालं की माणसाच्या हातून होतं कधीकधी."

"काय होतं, मास्तर?"

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

मला यादी करायची होती. मी म्हटलं, "लुंग, काट्यावर या."

ते चढले. त्रेचाळीस किलो. बगळ्याला धोतर नेसवलं तरी इतकंच भरेल. मी आकडा लिहिला आणि हात तिथेच थांबला. मग खणातून मंगळवारची यादी काढली. सेंगमो, अडुसष्ट.

"फौजदारसाहेब, हे बघा."

त्यांनी दोन्ही कागद पाहिले. "हातात पोथी होती ना?"

"पोथी किती भरते?"

पोथी त्यांच्याच पेटीत होती. त्यांनी ती अनिच्छेने काट्यावर ठेवली. सात किलो.

"त्रेचाळीस आणि सात पन्नास," मी म्हटलं. "उरलेले अठरा किलो कुणाचे?"

"तुमच्या जागी आलेल्या माणसाने चुकीचं लिहिलं असेल."

"चूक एक-दोन किलोची होते, साहेब. अठरा किलो म्हणजे कडेवरचं पोर."

नोपरात मोठ्याने हसला. "माझ्याकडे बघू नका. मी ब्याण्णव आहे. पोथी बाहेर काढून मलाच आत ठेवलं तरी जमणार नाही."

फौजदार हसले नाहीत, आणि माझ्यावर ओरडलेही नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पाहिले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त इथून लवकर जायचं होतं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. चियांग माईहून विमान सुटलं होतं. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पस्तीस मिनिटं.

४

त्याच वेळी पा-इन आल्या. पा म्हणजे मोठी मावशी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्या हरभऱ्याच्या पिठाची दाट, गरम पेज तांदळाच्या शेवयांवर ओतून विकायच्या. केळीच्या पानात बांधलेली पुडी त्यांनी लुंगच्या मांडीवर ठेवली.

"तुमच्यासाठी तळाची ठेवली होती. चार टोल झाले, पातेलं घासलं आणि निघाले. धावत आले हो, विमान गेलं की काय म्हणून."

"विमान कुठं जातंय, पा? आत्ता कुठं तिकडून सुटलंय," लुंग म्हणाले.

"बरं झालं. खा तुम्ही."

मी फौजदारांच्या टेबलाशी गेले. "साहेब, जबाबांची फाइल बघू द्या. पंचवीस मिनिटंच उरली आहेत."

"तुम्ही विमानतळावर काम करता की पोलिसात?"

"लुंग निर्दोष असतील तर रविवारच्या आत तुम्ही त्यांना परत आणाल?"

कोठडीत गेलेला माणूस दोन दिवसांत परत येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि कोठडीत जाऊन आलेल्या माणसाला आमचं गाव पुन्हा पोथीसमोर बसवणार नव्हतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी फाइल सरकवली.

"बघा. सोपं आहे. विमान सकाळी नऊ पन्नासला इथून गेलं. तो माणूस अकराला दुकानात होता. परत यायचं विमान एकच, इथे साडेचारला उतरतं. रस्त्याने आला असता तर संध्याकाळचे सात वाजले असते. म्हणजे मंगळवारी दहा ते साडेचार या वेळात जो इथे दिसला, तो सुटला. किल्ल्या दोघांकडे. मास्तर इथे दिसले. लुंग म्हणतात मी शेतातल्या झोपडीत एकटा होतो. मग मी काय करू?"

त्यांचं खरं होतं. मी पानं उलटली. मास्तरांचं पान आलं. खाली साक्षीदार: पा-इन, पेजवाली. मास्तर तिच्या दुकानी बसून जेवले, एक पुडी बांधून नेली. वेळ: १५.००.

मी ते दोनदा वाचलं.

दुपारी तीनला पा-इन? आमच्या गावात दुपारी तीनला पा-इनना उठवायची हिंमत आगीलाही झाली नसती. पेज सकाळचं खाणं. दहाच्या पुढे पातेल्यात खरवडसुद्धा उरायची नाही.

"साहेब, ही वेळ पा-इननी सांगितली?"

"हो. मी स्वतः विचारलं."

"काय शब्द होते? नेमके?"

"म्हणाली, तीन टोल झाले होते. तीन टोल म्हणजे तीन. शाळेत शिकवत नाहीत का तुम्हाला?"

"आणि आत्ता आल्या तेव्हा काय म्हणाल्या? ऐकलंत?"

"चार टोल झाले, पातेलं घासलं..." ते बोलता बोलता थांबले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. दहा पंचावन्न.

५

"पा," मी तिथूनच हाक मारली, "सकाळ तुम्ही कशी मोजता?"

"कशी म्हणजे? सगळे मोजतात तशी. सूर्य वर आला, सात वाजले की एक टोल. मग दोन, मग तीन."

"म्हणजे तीन टोल..."

"ऊन त्या पिंपळाच्या शेंड्याला लागतं तेव्हा. तुमच्या घड्याळात नऊ."

"आणि दुपारचे तीन?" फौजदारांनी विचारलं.

"त्याला उतरते तीन म्हणतात, पोरा. दिवस उतरायला लागला की उतरते. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

फौजदार हळूच म्हणाले, "शिकवलं होतं. माझी आई असंच म्हणायची. मीच विसरलो." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. शहरातली माणसं नऊला नऊच म्हणतात, आणि नुसतं तीन टोल म्हटलं की त्यांना दुपारच ऐकू येते. त्यांनी ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. फक्त सकाळ दुपारच्या रकान्यात गेली होती, आणि तिच्याबरोबर एक माणूस सुटला होता.

मास्तर दाराकडे निघाले होते. नोपरात दारात उभा राहिला, म्हणजे दार भरलं.

"मास्तर, थांबा की. पाहुणे आलेले बघून जा."

"तुम्ही मला म्हणालात की तीनला मी पेजेच्या दुकानी होतो," फौजदार म्हणाले.

"मी नाही म्हणालो," मास्तर वळले. मुलांना उत्तर समजावून सांगायचा तोच आवाज. "तुम्ही विचारलंत, तीन वाजता तिथे होतात ना? मी हो म्हटलं. तिच्या तीनला मी तिथेच होतो. खोटं कुठे बोललो?"

"तिथून विमानतळ किती लांब?"

"पायी दहा मिनिटं," उत्तर मी दिलं.

"सगळ्या गावाला दहाच मिनिटं लागतात," मास्तर म्हणाले. "मग सगळ्या गावालाच पकडा."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही एकटेच या. काट्यावर."

ते हलले नाहीत. आता बाहेरून घरघर ऐकू यायला लागली होती, अजून डोंगरापलीकडून. लुंगनी पेजेची पुडी बाजूला ठेवली, उठले, काट्यावरची पोथी दोन्ही हातांनी उचलली आणि मास्तरांपुढे धरली.

"घ्या मास्तर. जड नाही. तुम्ही नेलीत तेव्हा लागली का जड?"

मास्तरांना ती घ्यावीच लागली. लुंगच्या हातून आलेली पोथी जमिनीवर टाकणं त्यांच्याच्याने झालं नसतं. एवढं आमचं गाव एकोणीस वर्षांत त्यांच्यात मुरलं होतं. फौजदारांनी काट्याकडे बोट केलं. मास्तर चढले.

काटा फिरला, डुलला, आणि अडुसष्टच्या एक रेघ अलीकडे थांबला.

"आज पोटात पेज नाही म्हणून एक रेघ कमी," नोपरात पुटपुटला. कुणी हसलं नाही.

"का?" फौजदारांनी विचारलं. "विकायची तर नव्हती. पेटी करायला टाकली होती."

मास्तर काट्यावरून उतरले नाहीत. तिथूनच बोलले. "बदलीसाठी. चियांग माईत एक बडे साहेब आहेत, त्यांना जुन्या पोथ्यांचा शौक. मी अकरा अर्ज केले. माझी आई तिकडे वारली तेव्हा दरड कोसळली होती आणि विमानात जागा नव्हती. पस्तीस मिनिटं! रोज दोनदा ते विमान माझ्या शाळेच्या छपरावरून जातं. मुलं हात हलवतात. मी एकोणीस वर्षं हात हलवतोय."

"आणि नाव माझं का दिलंत?" लुंगनी विचारलं. राग नव्हता आवाजात. शिकवताना विचारायचे तसंच विचारलं.

"हातात ही पोथी असलेल्या माणसाला दुसरं काय नाव असणार?"

लुंग थांबले. खूप वेळ थांबले.

विमान धुरातून एकदम खाली आलं आणि धावपट्टीला टेकलं. अकरा वाजून पंधरा मिनिटं.

यादीत पोलिसांची दोन आसनं होती. मी 'सेंगमो, त्रेचाळीस' यावर रेघ मारली आणि खाली 'सोम्फोप, साठ' लिहिलं. एक निर्दोष माणूस वाचवला याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला चौथीत भागाकार शिकवणारे मास्तर पायऱ्या चढत होते, आणि छत्री बाकावरच राहिली होती. मी ती घेऊन धावले. फौजदारांनी ती घेतली. वळताना त्यांनी लुंगना वाकून नमस्कार केला, पोलीस करतात तसा नव्हे, मुलगा करतो तसा.

रविवारी वाचन झालं. पोथी पुरावा म्हणून पुढे जायची होती, पण फौजदारांनी चार दिवसांची सवड मागून घेतली होती. विहाराच्या फरशीवर बसायला जागा नव्हती. लुंगचा आवाज पहिल्या पानावर कापला, दुसऱ्यावर स्थिर झाला. मी मात्र अजून चुळबुळत होते, पुन्हापुन्हा दाराकडे बघत होते, कुणीतरी येऊन त्यांना उठवेल अशी भीती जात नव्हती.

वाचन संपलं की वाचकाने पुण्याचे वाटेकरी म्हणून एकेक नाव घ्यायचं असतं. लुंगनी गावातली नावं घेतली, मेलेल्यांची घेतली, पा-इनचं घेतलं, बँकॉकच्या फौजदाराचं आणि त्याच्या आईचंही घेतलं. मग श्वास भरला आणि इतक्या मोठ्याने ओरडले की तळ्यावरची बदकं उडाली: "सोम्फोप मास्तर!"

लोकांत कुजबुज झाली. पुढे बसलेल्या पा-इन वैतागून म्हणाल्या, "अहो, घ्यायचं तर घ्या नाव. पण ओरडता कशाला?"

लुंगनी पोथी मिटली.

"लांब आहे तो," ते म्हणाले.